नावात ‘लीन’, नात्यात ‘आश्रय’

पत्र

मराठी भाषा गौरव दिनासाठी शाळेच्या फलकावर ‘संस्कृतमधून इंग्रजीत गेलेले शब्द’ असं सदर लावलंय. व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरात होतं की, इंग्रजीतला ‘लीन’, म्हणजे टेकणं-झुकणं, हा आपल्या ‘लीन होणे’तूनच गेला. पटलं, म्हणून लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एकानं विचारलं, “बाई, मग लीन मीट म्हणजे नम्र मटण का?” वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर काही देता आलं नाही. फलक उतरवू का? आणि हा शब्द मराठीत आणताना कुठे काय वापरायचं? मुलं सगळीकडे ‘झुकणे’ लिहितात.

– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

बाई, फलक उतरवू नका. एक ओळ पुसा आणि तिच्या जागी दुसरी लिहा. ती आधीच्यापेक्षा जास्त मजेची आहे.

आधी आपला ‘लीन’ पाहू. त्याचा धातू ‘ली’. अर्थ चिकटणं, मिसळून जाणं, विरून जाणं. त्याला ‘न’ हा प्रत्यय लागून लीन झाला, जसा ‘हा’ धातूपासून हीन आणि ‘क्षि’पासून क्षीण. याच घरातले शब्द म्हणजे विलीन, तल्लीन, लय, प्रलय, आलय आणि आलयामुळे हिमालयसुद्धा. या सगळ्यांत मिसळणं आहे, बिलगून राहणं आहे. तिरकं होणं कुठेच नाही. ‘चरणी लीन’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे वाकलेली मान येते खरी, पण शब्दात मान नाही. शब्दात ‘मी’ विरघळलेला आहे.

आता इंग्रजी ‘लीन’. आज तो ‘ल’ने सुरू होतो, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप ‘ह्लिनिअन’ किंवा ‘ह्लिओनिअन’ होतं. पुढचा ‘ह’ नुसता लिहिण्यापुरता नव्हता, तो उच्चारलाही जायचा. पुढे इंग्रजीनं ‘ह्ल’ने सुरू होणाऱ्या सगळ्याच शब्दांचा ‘ह’ टाकून दिला. ह्लाफचा लोफ झाला, ह्लूडचा लाउड, ह्लिडचा लिड. लॉर्ड हा शब्द तर मुळात ‘ह्लाफ-वेअर्ड’, म्हणजे पावाचा राखणदार. तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला एकच प्रश्न पुरतो: संस्कृतातला लीन तिकडे गेला असेल, तर त्याच्या डोक्यावर ‘ह’ कुठून आला?

शब्दांची नाती आजच्या चेहऱ्यावरून जुळवली की असं होतं. सर्वात जुनं रूप काढायचं आणि मग आवाजांचा हिशेब लागतो का ते बघायचं. हा हिशेब तुम्ही आठवीच्या वर्गातही करून दाखवू शकता. या सगळ्या भाषांच्या जुन्या पूर्वज भाषेतल्या एका तालव्य, म्हणजे टाळूशी उच्चारलेल्या, ‘क’चा संस्कृतात ‘श’ झाला, ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’ राहिला आणि इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात ‘ह’ झाला. शंभरासाठी संस्कृतात शत, लॅटिनमध्ये केंतुम, इंग्रजीत हंड्रेड. कुत्र्यासाठी श्वन्, ग्रीकमध्ये क्यूऑन, इंग्रजीत हाउंड. आता ज्याच्यात ‘ल’ही आहे असा शब्द घ्या: संस्कृत श्रुत, ग्रीक क्लुतोस, जुनं इंग्रजी ह्लूड, म्हणजे आजचा लाउड. इतरांच्या ‘ल’च्या जागी इथे संस्कृतात ‘र’ आहे, तेवढं लक्षात ठेवायचं.

याच पट्टीनं ‘ह्लिनिअन’ मोजा. ग्रीकमध्ये ‘क्लिनेइन’ मिळतं, अर्थ टेकवणं, कलवणं. संस्कृतात काय मिळायला हवं? ‘श्र’ने सुरू होणारं काहीतरी. मिळतंही: धातू ‘श्रि’, श्रयति, म्हणजे टेकतो, आधार घेतो. त्यात ‘न’ नाही म्हणून अडू नका. इंग्रजी लीनमधला ‘न’ मागून चिकटलेला आहे. ग्रीकमध्येही शिडीला ‘क्लिमॅक्स’ म्हणत, त्यात तो ‘न’ नाहीच.

आणि ‘श्रि’ म्हणजे आपला आश्रय. आश्रित तिथलाच. फलकावर लिहायची ओळ ही: इंग्रजी ‘लीन’चा आपल्याकडचा सख्खा नातेवाईक ‘आश्रय’ आहे, ‘लीन’ नाही. फक्त या उत्साहाच्या भरात ‘आश्रम’ तिथे बसवू नका. तो ‘श्रम’ धातूचा आहे, नुसता शेजारी उभा दिसतो.

सदराचं नावही बदलावं लागेल. आश्रय संस्कृतातून इंग्रजीत ‘गेला’ नाही. दोघं एकाच जुन्या भाषेतून आपापल्या वाटेनं आले. उसना शब्द वेगळा आणि भावंड वेगळं. उसन्याचं घरचं उदाहरण हवं तर ‘मंगूस’ लावा, तो आपला मुंगूस आहे. दोन रकाने करा, ‘उसने’ आणि ‘भावंडं’, म्हणजे पुढचे पुष्कळ वाद आपोआप मिटतील.

भावंडांच्या रकान्यात गर्दी होईल. दवाखान्याचं ‘क्लिनिक’ ग्रीक ‘क्लिनी’वरून आलं, म्हणजे टेकून पडायची खाट. क्लिनिक म्हणजे मुळात खाटेशी जाऊन केलेली वैद्यकी. ‘क्लायमेट’ म्हणजे उतार: विषुववृत्तापासून ध्रुवाकडे पृथ्वी कलत जाते अशी ग्रीकांची मांडणी होती. त्या उतारावरच्या पट्ट्याला क्लिमा म्हणत, आणि पट्ट्याचं नाव पुढे तिथल्या हवामानाला लागलं. इन्क्लाइन, डिक्लाइन आणि दिवाणखान्यातला रिक्लायनर लॅटिनमधून आले. ‘क्लायंट’ला मात्र ठिपक्यांच्या रेघेनं जोडा. मोठ्या माणसाच्या आधारानं राहणारा, म्हणजे अगदी आपला आश्रित, असा अर्थ छान बसतो. पण तो ‘ऐकणारा, आज्ञेत राहणारा’ अशा दुसऱ्या धातूपासून आला असंही काही अभ्यासक मानतात.

या घरातला एक शब्द मराठीच्या तासाला फार कामाचा आहे: ‘एन्क्लिटिक’. मागच्या शब्दाला टेकून उभा राहणारा शब्द, असा त्याचा अर्थ. मराठीतला ‘च’ घ्या. ‘मीच’, ‘आजच’, ‘तिथेच’. हा ‘च’ एकटा उभा राहू शकत नाही, वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकत नाही, त्याला मागे भिंत लागते. ‘मीही’मधला ‘ही’ तसाच. मुलांना एक वाक्य द्या, ‘काल रमेशनं मला पेरू दिला’, आणि ‘च’ प्रत्येक शब्दाला टेकवून बघायला सांगा. ‘कालच’, ‘रमेशनंच’, ‘मलाच’, ‘पेरूच’. दर वेळी भांडण बदलतं.

दुसरी जवळून दाखवायची वस्तू म्हणजे शिडी. इंग्रजी ‘लॅडर’ जुन्या ‘ह्लेडर’वरून आला. अर्थ: जी टेकते ती. म्हणजे ‘द लॅडर लीन्स अगेन्स्ट द वॉल’ या वाक्यात एकाच मुळाचे दोन शब्द आहेत, ‘टेकणारी टेकली आहे’. संस्कृतात शिडीला ‘निश्रेणि’ म्हणतात, गुजरातीत ती निसरणी होते, कोकणीत निसण. शाळेत बांबूची शिडी असेल तर वर्गात आणा. ती भिंतीला टेकवायचा कामगारांचा हिशेब असा: टेकण्याची जागा जमिनीपासून 4 मीटर उंच असेल, तर शिडीचा पाय भिंतीपासून 1 मीटर बाहेर. त्यानं साधारण 75 अंशांचा कोन पडतो. पाय फार बाहेर काढला तर तो घसरतो, फार आत घेतला तर वर चढलेला माणूस शिडीसकट मागे येतो. ‘लीन’ म्हणजे नेमकं काय, ते ही शिडी कोशापेक्षा बरं सांगते: वस्तू सरळच आहे, फक्त उभी नाही आणि तिचा भार दुसऱ्या कशावर तरी आहे.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. सगळीकडे ‘झुकणे’ का चालत नाही? कारण इंग्रजीला एक क्रियापद पुरतं आणि आपल्याकडे निदान सहा आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं. आधाराला अंग लागलं असेल तर टेकणे. मेट्रोच्या दाराला टेकून उभं राहू नये, झुकून नव्हे. पाठ टाकून ऐसपैस बसलं तर रेलणे: लोडाला रेलला, खुर्चीत मागे रेलला. आधार नाही आणि वस्तू उभ्या रेषेतून सरकली तर कलणे: भिंत कलली, होडी एका अंगाला कलली, दिवस कलला. माणसानं वरचं अंग पुढे किंवा बाहेर नेलं तर झुकणे. खाली काहीतरी बघायला किंवा करायला कमरेत मोडलं तर ओणवणे किंवा वाकणे. विहिरीवर ओणवून पाहतात, टेबलावर वाकून लिहितात. आणि भार मनाचा असेल तर विसंबणे.

इथली नेहमीची चूक ‘वाकणे’ची. इंग्रजीत लीन आणि बेंड वेगळे आहेत. लीनमध्ये काठी सरळ राहते, बेंडमध्ये तिला बाक येतो. ‘द पोल इज लीनिंग’चं ‘खांब वाकलाय’ केलं, तर वायरमन नवा खांब घेऊन येईल. ‘खांब कललाय’ म्हणा, म्हणजे तो आहे तोच सरळ करून पाया भरील.

कोणतं क्रियापद घ्यायचं ते बहुतेक वेळा पुढचं अव्यय सांगतं. ‘अगेन्स्ट’ असेल तर टेकणे. ‘बॅक’ असेल तर रेलणे. ‘आउट’ असेल तर झुकणे, ‘ओव्हर’ असेल तर ओणवणे किंवा वाकणे. ‘टुवर्ड्स’ असेल तर बहुधा मत किंवा आवड असते, तिथे ‘कल’ हा नामशब्द घ्या: तिचा कल विज्ञानाकडे आहे. डावीकडे कल असलेला पक्ष, हेही ठीक. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी आपण जे ‘कल’ म्हणतो त्याला मात्र इंग्रजीत ट्रेंड किंवा लीड म्हणतात, तिथे लीन येत नाही.

‘ऑन’ असेल तर सावध. तिथे तीन रस्ते फुटतात. कोपर टेबलावर असेल तर टेकणे. ‘ही लीन्स ऑन हिज सिस्टर’ असेल तर तो बहिणीवर विसंबून आहे, किंवा त्याला बहिणीचा आधार आहे. भिस्त आणि मदार हेही शब्द हाताशी ठेवा. तिसरा अर्थ दमदाटीचा: ‘दे लीन्ड ऑन द विटनेस’ म्हणजे साक्षीदाराच्या आधारानं उभे राहिले नाहीत, त्याच्यावर दबाव आणला. एकाच शब्दात आधार मागणं आणि दडपणं दोन्ही कसं, असं मुलं विचारतील. आपल्याकडेही तेच आहे: ‘भार टाकणे’ विश्वासानं होतं आणि ‘भार होणे’ जाचानं.

‘लीन-टू’ला उगीच नवा शब्द घडवू नका. घराच्या भिंतीला टेकवून काढलेलं, एकाच बाजूला उतार असलेलं छप्पर म्हणजे आपली पडवी. फक्त छपराचा आकार सांगायचा असेल तर एकपाखी छप्पर.

‘लीनिंग टॉवर ऑफ पिसा’ला झुकता मनोरा म्हणायची पद्धत आहे, पण आमच्या मते कलता मनोराच बरोबर. तो कोणापुढे झुकलेला नाही, 1173 मध्ये बांधकाम सुरू झाल्यावर पायाखालची माती एका बाजूला मऊ निघाली म्हणून खचला. 1990 मध्ये लोकांसाठी बंद केला तेव्हा कल साधारण साडेपाच अंश होता. वर राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून तो चार अंशांच्या आसपास आणला आणि 2001 मध्ये मनोरा पुन्हा उघडला. इटालियन माणूस त्याला ‘पेंदेंते’ म्हणतो, तो शब्द लोंबण्याचा. आपल्या गळ्यातलं पेंडंट त्याच धातूचं.

आता नम्र मटण. त्या मुलाला शाबासकी द्या, कारण त्याचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. तिथला ‘लीन’ क्रियापद नाही, विशेषण आहे. त्याचं जुनं रूप ‘ह्लेने’, अर्थ हडकुळा, अंगावर मांस-चरबी नसलेला. हा आणि टेकण्याचा लीन मुळात एकच आहेत का, यावर जाणकारांचे दोन तट आहेत. काहींच्या मते ‘कललेला, म्हणून खंगलेला’ असा अर्थ सरकत गेला. इतर काही जण त्याचं नातं लिथुआनियन-लाटव्हियनमधल्या ‘तुकडा’, ‘अशक्त’ अशा अर्थाच्या शब्दांशी जोडतात. फलकावर तिथे पुन्हा ठिपक्यांची रेघ.

वाक्यात कोणता लीन आहे ते ओळखायला विरुद्धार्थी शब्द लावून बघा. विरुद्ध ‘सरळ, उभा’ बसत असेल तर टेकण्याचा. विरुद्ध ‘लठ्ठ’ किंवा ‘सकस’ बसत असेल तर हडकुळा. लीन मीटच्या विरुद्ध चरबीदार मांस, म्हणून लीन मीट म्हणजे बिनचरबीचं मांस. गॅरेजमध्ये ‘मिक्श्चर लीन झालंय’ म्हणतात, त्याच्या विरुद्ध ‘रिच’. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण 1 भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की मिश्रण लीन. इंजिन तापतं, धक्के देतं. पायाखाली टाकतात त्या लीन काँक्रीटमध्येही सिमेंट कमी असतं: 1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू, 8 भाग खडी असा माल त्यातलाच. साइटवर त्याला सरळ पीसीसी (प्लेन सिमेंट काँक्रीट) म्हणतात, तुम्हीही तेच लिहा.

‘लीन सीझन’मध्ये अनुवादक हमखास घसरतात. हॉटेलवाल्यांसाठी तो मंदीचा हंगाम, शेतकरी कुटुंबासाठी नवं पीक हाती येण्याआधीचे टंचाईचे दिवस. दूध संघांकडे मात्र नेमका शब्द तयार आहे: दूध आटतं तो कृश काळ, भरपूर येतं तो पुष्ट काळ. ‘लीन’ला यापेक्षा चपखल मराठी शब्द आम्हाला तरी माहीत नाही. कृश म्हणजे हडकुळाच.

माणसाबद्दल असेल तर बोलणाऱ्याचा सूर ऐका. खेळाडू असेल तर सडपातळ किंवा शेलाटा. ‘किडकिडीत’मध्ये हिणवणं येतं. जनावराला हडकुळं.

कारखान्याच्या भिंतीवर ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’ दिसतं ते याच विशेषणाचं. टोयोटाच्या पद्धतीला हे नाव जॉन क्राफचिक यांनी 1988 मधल्या लेखात दिलं. कमी साठा, कमी वाया जाणं, कमी फेऱ्या, म्हणजे चरबी उतरवलेलं उत्पादन. चाकण-वाळूजच्या पट्ट्यात कामगार ‘लीन’च म्हणतात, म्हणून बातमीत तोच शब्द ठेवून पहिल्या वेळी ‘वाया काही न घालवणारी’ एवढं जोडलं की पुरे. ‘झुकतं उत्पादन’ मात्र कृपा करून नको.

दोन खड्डे राहिले. टेकण्याच्या लीनचा भूतकाळ अमेरिकेत ‘लीन्ड’, ब्रिटिश वळणात बऱ्याचदा ‘लेंट’. उधार दिलं त्या ‘लेंड’चा भूतकाळही ‘लेंट’. कानाला फरक नाही, स्पेलिंगमध्ये आहे: टेकण्याच्या लेंटमध्ये ‘ए’ अक्षर जास्त असतं. श्रुतलेखनात हा शब्द द्यायचा तर पूर्ण वाक्य द्या. दुसरा खड्डा बँकेचा. ठेवीवर कर्ज घेतलं की बँक त्या ठेवीवर ‘लिएन’ लावते. इंग्रज त्याचाही उच्चार ‘लीन’ करतात, पण तो बांधण्याच्या लॅटिन शब्दापासून आला, मराठीत धारणाधिकार.

वर्गाला शेवटी एक वाक्य अनुवादाला द्या: ‘द लीन काउ लीन्ड अगेन्स्ट द लीन-टू.’ पाच मिनिटं झगडू द्या, मग फळ्यावर लिहा: ‘हडकुळी गाय पडवीला टेकून उभी होती.’ इंग्रजीत तीन वेळा लीन, मराठीत एकदाही नाही.